झाकण ठेवू नका

मराठी घरात "चला, वाढलंय" अशी हाक गेली की निम्मी माणसं उठतात आणि जेवणाच्या उलट दिशेला चालू लागतात. एकाला तेव्हाच आंघोळ आठवते. एकाचा फोन नेमका तेव्हा वाजतो. नाही वाजला तर तो स्वतःच कोणाला तरी लावतो. सासरे टीव्हीवरची ती बातमी संपायची वाट बघतात, जी सकाळपासून संपलेली नाही. आपल्या पूर्वजांना हा स्वभाव चांगला ठाऊक असणार, म्हणूनच त्यांनी रस्सा केला. रस्सा थांबतो. अर्धा तास थांबतो, रात्रीपर्यंत थांबतो, आणि थांबायला लावलं म्हणून कुरकुर न करता उलट जास्त मुरतो. उसळ थांबते, वरण थांबतं, कोंबडी-वड्यातला वडासुद्धा गार झाला तरी रश्शात बुडवून खपून जातो.

कुरकुरीत चिकन थांबत नाही. पॅनमधून उतरल्यावर त्याचा कुरकुरीतपणा पाच-सात मिनिटं टिकतो, आणि वर गोड-खारट सॉस चढवलेला असला तर तेवढीही खात्री नाही. हे चिकन घरी करायचं ठरवलं की मसाला काय लावायचा हा प्रश्न किरकोळ ठरतो. खरा प्रश्न, चार माणसं एकाच वेळी एका जागी कशी आणायची? तो अजून कोणत्याही कृतीच्या पुस्तकात सुटलेला नाही.

आपल्याकडे हे प्रकरण हॉटेलातून घरात आलं. कलकत्त्यात हाक्का चिनी मंडळींची वस्ती जुनी. तिथे जन्मलेले नेल्सन वँग सत्तरच्या दशकात मुंबईत आले आणि १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी पहिलं चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. कोणा गिऱ्हाइकाने मेनूत नसलेलं काहीतरी मागितलं. वँग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच मंडळी घेतली, गरम मसाला बाजूला ठेवून सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअर वापरून मोकळे झाले. मांचुरियात हा पदार्थ कोणी ओळखणार नाही. सोलापूरच्या लग्नात मात्र त्याचं वेगळं काउंटर असतं.

क्रिकेट क्लबातून निघालेलं हे घराणं पुढे नाक्यावरच्या लाल गाडीवर स्थिरावलं. गाडीवर ड्रॅगन रंगवलेला. पेंटर आपलाच, त्यामुळे ड्रॅगन चेहऱ्याने जरा शेषनागावर गेलेला. त्याच्या वर मालकाच्या कुलदैवताचं नाव आणि खाली 'चायनीज कॉर्नर'. या गाडीवाल्याने वेळेचा प्रश्न कसा सोडवलाय ते बघण्यासारखं आहे. तिथे चिकन गिऱ्हाइकाची वाट बघत नाही, गिऱ्हाईक चिकनची बघतं. पाच माणसं हात बांधून, डोळे कढईवर लावून, एक शब्द न बोलता उभी असतात. घरी ज्याला जेवायला तीन हाका माराव्या लागतात तोच तिथे पहिल्या रांगेत असतो. प्लेट हातात पडली की पहिला तुकडा तिथल्या तिथे, तोंड भाजत, उभ्याउभ्या. गाडीवरच्या चिकनची चव घरी येत नाही म्हणून लोक अजिनोमोटोला श्रेय देतात. मला विचाराल तर निम्मं श्रेय उभं राहण्याला आहे.

घरी सगळं उलट. सुरुवात खरेदीपासून होते. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि सासूबाईंना ऐनवेळी आठवणारा एखादा उपास वगळला की हाती उरतो रविवार. चांगल्या कृतीत म्हटलेलं असतं की मांडीचं मांस घ्या, कातडीसकट घ्या. मांडीच्या मांसात चरबी जास्त, ते सहसा कोरडं पडत नाही. छातीचं मांस दोन मिनिटं जास्त शिजलं की खोडरबर. हे सगळं खरं आहे, पण ते आपल्या दुकानदाराला सांगून बघा. आपल्याकडे 'बोनलेस' म्हटलं की छातीचं, हे ठरलेलं आहे. "लेगचं बोनलेस द्या" म्हटल्यावर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग मागच्या रांगेकडे बघतो, आणि मोठ्याने म्हणतो, "ताई, वेळ लागेल." मागची रांग उसासा टाकते. कातडी तर तुम्ही तोंड उघडायच्या आत निघालेली असते. सदरा उतरवावा तशी तो ती एका झटक्यात उतरवतो. "अहो, कातडी ठेवा" म्हटलं की सुरा हवेत थांबतो. "कशाला?" हा प्रश्न तो विचारतो, शेजारचा माणूस विचारतो आणि पिशवी घेऊन आलेला एक आठ वर्षांचा मुलगाही विचारतो.

कातडी हवी असते कारण तिच्यातली चरबी पॅनमध्ये वितळून बाहेर येते आणि मागे राहते ती पापडासारखी पातळ, खुसखुशीत पापुद्री. ती गेली म्हणजे खोटी कातडी करणं आलं. ते काम कॉर्नफ्लोअरचं. मैद्यात ग्लुटेन असतं, तो पाणी धरतो आणि थोड्या वेळाने चिवट होतो. कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च. त्याचा पातळ थर तेलात पाणी सोडून देतो आणि कडक होतो. हे ज्ञान आपल्याला नवं नाही. आमच्या सासूबाई मालवणच्या. सुरमईच्या तुकडीला रवा आणि तांदळाचं पीठ का लावतात हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. मी वाडग्यात कॉर्नफ्लोअर, मीठ आणि मिरपूड कालवताना त्यांनी एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर कस्टर्डचं." मग जरा थांबून, "रवा लाव. फुकट जाणार नाही." त्यांच्या दृष्टीने जगातला कुठलाही प्राणी तव्यावर टाकायचा असेल तर त्याने आधी रव्यात लोळलं पाहिजे. तंत्र म्हणाल तर त्या शंभर टक्के बरोबर आहेत. बिडाचा तवा, बोटभराहून कमी तेल, मध्यम आच आणि तुकडी अर्धी झाल्याशिवाय तिला हात न लावणं, याच पद्धतीने हे चिकन होतं. फक्त सुरमईवर मध आणि सोया सॉस ओतला तर त्या माहेरी निघून जातील.

रवा वि. कॉर्नफ्लोअर हा वाद मिटतो, तोवर पाण्याचा निघतो. कुरकुरीतपणाचा एकच शत्रू आहे, पाणी. आणि मराठी घरात चिकन तीन पाण्यांतून काढल्याशिवाय, त्यातल्या एका पाण्यात हळद-मीठ घातल्याशिवाय ओट्यावर येत नाही. कच्चं चिकन नळाखाली धरू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्याभर उडतात, ते शिजवल्यानेच मरतात, असं अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षा खात्यांनी कितीदा तरी सांगितलंय. त्या खात्यांतल्या एखाद्या अधिकाऱ्याने येऊन हे आमच्या सासूबाईंना समक्ष सांगावं. मी चहा ठेवीन.

धुतलेलं चिकन पुसावं लागतं. अगदी कोरडं. ओला तुकडा तेलात पडला की पॅनची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते, आणि पाणी आहे तोवर तुकड्याचा पृष्ठभाग शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे सरकत नाही. रंग आणि खमंग वास यायला लागतात साधारण एकशेचाळीसच्या पुढे. मांसातली अमिनो आम्लं आणि साखर यांची जी क्रिया तिथे सुरू होते तिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये केलं. त्याच्या डोळ्यांसमोर चिकन नव्हतं, पण भाजलेल्या कांद्यापासून बिस्किटापर्यंत सगळ्या खमंगपणावर आज त्याचं नाव लागलंय. शंभर ते एकशेचाळीस हा जो मधला टप्पा आहे, तो ओलांडायला आमच्याकडे बरंच राजकारण लागतं. "आता कोंबडी पुसायची? कशाने?" हा प्रश्न रास्त आहे. हॉटेलातून आणलेले, ड्रॉवरमध्ये जमवून ठेवलेले पेपर नॅपकिन त्या कामासाठी काढले की "ते पाहुण्यांसाठी आहेत" हे उत्तर येतं. पाहुण्यांना ते कधी दिलेले मी पाहिलेले नाहीत.

यानंतर पॅन. पॅनमध्ये तुकडे एकमेकांना न चिकटता बसले पाहिजेत, म्हणजे एका वेळी सहा-सात. सगळे एकदम कोंबले की तेल गार पडतं, तुकड्यांतून पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी ते स्वतःच्या वाफेवर शिजतात. पण "होऊन जाऊ दे एकदाचं" ही आपली राष्ट्रीय वृत्ती आहे. नवरा मदतीला म्हणून येतो, पॅनमधली मोकळी जागा त्याला बघवत नाही, आणि पाठ फिरली की तो तिथे आणखी तीन तुकडे बसवतो. पार्किंगमध्येही त्याचं असंच चालतं.

त्याहून अवघड म्हणजे हात न लावणं. तुकडा तेलात टाकला की आधी तो पॅनला धरून बसतो. खालून तांबूस कवच आलं की आपणहून सुटतो. तीन-चार मिनिटं त्याला त्याचं त्याचं करू द्यायचं असतं, एवढंच. आणि एवढंच आपल्याला जमत नाही. आपली अख्खी पाकसंस्कृती ढवळण्यावर उभी आहे. स्वयंपाकघरातून जाणारा प्रत्येक माणूस, पाणी प्यायला आलेला, चार्जर शोधायला आलेला, जाताजाता कालथा उचलतो आणि "करपेल हं" म्हणत तुकडे हलवून जातो. कवच फाटतं, पॅनला चिकटतं, तुकडा उघडा पडतो. माणूस चार्जर न घेताच निघून जातो.

सॉसकडे वळते, कारण खरी धमाल तिथे आहे. सोया सॉस, लसूण, आलं, थोडं व्हिनेगर, तिखटासाठी सुकी मिरची आणि गोडीसाठी मध. मध आपल्या घरात औषधाच्या कपाटात असतो. खोकला, कोमट पाणी, लिंबू, अशा सात्त्विक कामांसाठी आणलेली ती बाटली चिकनसाठी मागितली की घरात क्षणभर शांतता पसरते. मी बऱ्याचदा गूळच घालते. कोल्हापुरी गूळ किसून सोया सॉसमध्ये विरघळवला की त्याला जो रंग आणि जी किंचित खारी गोडी येते ती साखरेला साधत नाही, आणि मधापेक्षा तो जरा कमी घाईने करपतो. मधात फ्रुक्टोज भरपूर, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेच्या कितीतरी आधी, एकशेदहा अंशांच्या आसपासच, करपायची तयारी करतं. म्हणून सॉस शेवटी, आच मंद करून. पहिल्यापासून चिकनला मध चोपडून ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या पॅनचा तळ मी बघितला आहे.

मीठ घालायचं नसतं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन-अडीच ग्रॅम मीठ आधीच असतं. ही गोष्ट मी फ्रिजवर लिहून चिकटवली तरी उपयोग नाही, कारण "मीठ घातलंस ना?" हा आपल्याकडे प्रश्न नसून प्रस्तावना आहे, उत्तराची वाट न बघता चिमूट पडलेली असते.

गूळ आणि चिकन हे ऐकून माझे वडील खुर्चीत ताठ झाले होते. माहेर कोल्हापूरचं. ज्या मातीत गूळ पिकतो, गुऱ्हाळातून काकवी येते, त्याच मातीतल्या माणसाला मटण-कोंबडीच्या दहा फुटांच्या आत गूळ चालत नाही. "गोड चिकन?" त्यांनी विचारलं. स्वर असा होता की मी शिऱ्यात खिमा घातलाय. हाच माणूस चिंच-गुळाची आमटी वाटीने पितो, मेथकूट-भातावर लोणच्याचा गोड खार घेतो आणि नैवेद्याच्या पानातलं पंचामृत आधी संपवतो. गोड, आंबट, तिखट, खारट एका वाटीत आणण्यात मराठी माणसाचा हात धरणारा कोणी नाही. फक्त त्या वाटीत पाय असलेलं काही पडता कामा नये.

वडिलांचं आणि पेंग चँग-कुई यांचं मात्र चांगलं जमलं असतं. पेंग हे चीनमधल्या हुनान प्रांतातले आचारी; १९४९ नंतर तैवानमध्ये गेले आणि तिथे पन्नासच्या दशकात त्यांनी 'जनरल त्सो'च्या नावाचं चिकन केलं. तो सेनापती १८८५ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याला चव विचारायची सोय नव्हती. पेंग यांचं चिकन आंबट, खारट, झणझणीत होतं, गोड नव्हतंच. ते अमेरिकेत पोचलं, तिथल्या लोकांनी त्यात साखर ओतली, आणि पुढे तेच गोड, चिकट, लालभडक रूप जगभर 'अस्सल' म्हणून खपू लागलं. पेंग यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना एकदा मंगळवार पेठेत तांबड्या रश्श्यासमोर बसवायला हवं होतं. वडिलांनी आणि त्यांनी एकमेकांची भाषा न समजता तासभर अमेरिकेला नावं ठेवली असती.

आता कोणीही विचारेल की एवढं पुसून, तळून, पाण्याचा थेंब न थेंब हाकलून दिलेल्या चिकनवर पुन्हा ओला सॉस ओतायचा, हा काय शहाणपणा? दक्षिण कोरियात देगू शहरातल्या एका दुकानदाराची गोष्ट सांगतात, १९८० च्या आगेमागेची. गिऱ्हाइकांच्या टाळूला तळलेल्या चिकनचं कडक कवच बोचायचं, म्हणून त्याने वर गोड-तिखट चिकट सॉस चढवायला सुरुवात केली, आणि त्याचं पुढे 'यांगन्यम' चिकन झालं. सॉसचं रहस्य असं की त्यातलं पाणी आधीच आटवलेलं असतं. साखर जास्त, पाणी कमी, त्यामुळे तो कवचात शिरण्याऐवजी वर पातळ काचेसारखा बसतो. तुकडे त्यात टाकायचे, दोन-तीनदा परतायचे, गॅस बंद. अर्धं मिनिट. कवळी असलेल्या माझ्या सासऱ्यांना त्या देगूच्या दुकानदाराचा मोठा आधार वाटतो.

आणि मग तो क्षण येतो. तुकडे चकाकताहेत, लसणाचा वास जिन्यापर्यंत गेलाय, शेजारच्यांच्या दारामागे हालचाल सुरू झालीय. "या! गरम आहे!" कोणी येत नाही. आंघोळ, फोन, बातमी. इथून पुढे धोका घरातल्या प्रेमळ माणसांकडून असतो. सासूबाई येतात, उघडं भांडं बघतात आणि त्यांचा हात आपोआप झाकणाकडे जातो. उघडं अन्न म्हणजे माशी, पाल, दृष्ट आणि आजार; चार पिढ्यांचे संस्कार आहेत ते. झाकण बसतं. आतली वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि टपटप खाली पडतं. बाहेर टीव्हीवर ती बातमी चालूच असते. याहून वाईट म्हणजे कॅसरोल. "गार होतंय बिचारं" म्हणून कोणीतरी चिकन चपात्यांच्या कॅसरोलमध्ये भरतं आणि झाकण फिरवून घट्ट लावतं. दहा मिनिटांनी उघडलं की आत जे असतं त्याला मी चिकन म्हणते, कारण ते विकत आणताना मी तिथे होते.

याच्यावर उपाय एकच, आणि तो गाडीवाल्याचा. मी ताटं मांडणं बंद केलं. चिकन पॅनमधून थेट चाळणीसारख्या जाळीवर (खालून हवा लागते), जाळी ओट्यावर, ज्याला हवं त्याने तिथे येऊन उभ्याने खायचं. पहिला तुकडा करणारीचा. हा नियम मी जरा मोठ्याने जाहीर केला. भजी असोत, पुऱ्या असोत, तळणारी बाई शेवटी बसते आणि गार, मऊ पडलेलं खाते, हे इतकं मुरलेलं आहे की सासूबाई मला म्हणाल्या, "असं आधी खायचं असतं का?" मी म्हटलं, "मीठ बघतेय." मीठ बघायला हरकत नसते. मग त्यांनीही एका तुकड्याचं मीठ बघितलं, मग आणखी एकाचं. रविवारी कधी नवरा चिकन करतो तेव्हा तो पाव किलोचं मीठ बघतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

उपाय चालला. मुलगा आंघोळ न करता आला. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज मोठा करून, खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या दारात आणली. बोटं चाटली गेली. वडील व्हिडिओ कॉलवर होते, त्यांनी "गोड आहे का?" एवढंच विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी तोंड भरलेलं असल्याने मान नाही म्हणून हलवली. बघताबघता जाळी रिकामी. शेवटच्या तुकड्याचाही कुर्रकन आवाज आला.

सासऱ्यांनी हात धुतले, नॅपकिनला पुसले, खुर्ची उचलून पुन्हा जेवणाच्या टेबलापाशी नेली, बसले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "छान झालं हो. आता जेवायला काय आहे?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी कुकर काढला, दोन वाट्या तांदूळ धुतले आणि वरणाला डाळ लावली. शिट्टी होईपर्यंत नवरा आंघोळीला गेला.